एक ना धड, भाराभर चिंध्या!
(ऊस विकास अधिकाऱ्यांकडून)



आपल्या घरात उसाचा हिशेब कुठे कुठे लिहिलेला आहे, ते एकदा आठवून बघा. लागणीची तारीख कालनिर्णयवर, मजुरांची उचल पोराच्या शाळेच्या वहीत मागच्या पानावर, खताची पावती देव्हाऱ्यामागे, वजनाची पावती बंडीच्या खिशात आणि उरलेलं सगळं मोबाईलमध्ये. विचारलं की उत्तर ठरलेलं : "साहेब, लिहिलंय की कुठंतरी!" हे 'कुठंतरी' फार महागात पडतं.

ऊस हे चार महिन्यांत हिशेब मिटणारं पीक नाही. आडसाली लागण जुलै-ऑगस्टची आणि तोड सोळा ते अठरा महिन्यांनी. म्हणजे एकाच फडाचा हिशेब दोन कॅलेंडरांत विभागला जातो. जानेवारीत जुनं कॅलेंडर खिळ्यावरून उतरलं, की लागणीची तारीखही उतरली! पुढे खोडवा राहतो, तोवर मोबाईलही बदललेला असतो.

या एका तारखेवर किती गोष्टी अवलंबून आहेत ते पाहा. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद आणि १७० किलो पालाश अशी शिफारस आहे. त्यातलं नत्र चार हप्त्यांत द्यायचं : लागणीच्या वेळी १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीला ४० टक्के. तारीखच अंदाजाची असेल, तर हप्तेही अंदाजाचेच पडणार. तोडणीचा क्रमही लागणीची तारीख आणि जात पाहूनच लागतो.

गटातल्या एका सभासदाचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. नोंदीची पावती हातात पडताच त्यांनी फोटो काढला आणि मूळ कागद कुठे टाकला ते विसरून गेले. पुढे कामानिमित्त छत्रपती संभाजीनगरला गेले असताना क्रांती चौकात भर पावसात मोबाईल हातातून निसटला. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, "काका, आतलं काही निघायचं नाही." इकडे यादीत त्यांची लागण जुलैऐवजी ऑगस्टची पडलेली. एका महिन्याचा फरक म्हणजे तोड महिनाभर मागे, तुरा आलेला ऊस उभा आणि वजनात घट.

शेवटी मालकीणबाईंनी फडताळात अंथरलेलं गेल्या वर्षीचं कॅलेंडर बाहेर काढलं. जुलैच्या पानावर दुधाच्या हिशेबाशेजारी पेन्सिलीनं लिहिलं होतं, "विहिरीवरचा ऊस लावला." ज्यांच्याकडून बेणं आणलं, त्यांच्या वहीतही तीच तारीख निघाली. नोंद दुरुस्त झाली आणि ऊस वेळेवर गेला. पण फडताळात कॅलेंडर अंथरण्याची बुद्धी प्रत्येक घरात होईलच असं नाही!

यावरून कोणी म्हणेल, मग मोबाईल टाकूनच द्यावा का? तसं मुळीच नाही. कागदालाही खोड आहे. यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्यांची अक्षरं उन्हानं, उष्णतेनं उडतात. सहा महिन्यांनी पाहावं तर कोरा कागद. अशा पावतीचा फोटो त्याच दिवशी काढलाच पाहिजे. मात्र मूळ पावतीही जपा. क्रांती चौकातून अदालत रोडनं न्यायालयाकडे जाण्याची वेळ कोणावर येऊ नये. पण आलीच, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे मोबाईलमधल्या नोंदीसोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. नुसता फोटो दाखवून भागत नाही. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत बिल आणि उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज हा आपला हक्क आहे. हे चौदा दिवस मोजायचे ते वजनाच्या पावतीवरच्या तारखेपासूनच.

आणखी एक. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात सुरू झालेली ई-पीक पाहणी सातबाऱ्यासाठी आहे आणि कारखान्याकडची ऊस नोंद तोडणीसाठी. एक केली म्हणजे दुसरी आपोआप झाली, असं समजू नये.

मग करायचं काय? उपाय साधा आहे.

१) वही वर्षाची नको, फडाची करा. एका फडाला आठ-दहा पानं सोडा. वर गट नंबर, क्षेत्र आरमध्ये, जात, बेणं कुठलं आणि लागणीची तारीख. खाली पाणी, खत, बांधणी, तोड. खोडव्याची नोंद त्याच पानांपुढे चालू ठेवा.

२) मोबाईलमध्येही फडागणिक एकेक अल्बम करा. नाव तेच ठेवा, जे वहीत आहे. गट नंबर दोन्हीकडे एक असला, की शोधाशोध संपली.

३) पावत्या एकाच पिशवीत, तारखेनुसार. फोटोची एक प्रत घरातल्या दुसऱ्या मोबाईलवर पाठवा.

४) आठवड्यातून एक वार ठरवा. मोबाईलमधलं वहीत उतरवा आणि वहीच्या पानाचा फोटो घ्या. पंधरा मिनिटांचं काम आहे. लिहिणारं माणूस एकच असू द्या. घरातल्या बाईमाणसांकडे हे काम दिलं, तर बहुतेक ठिकाणी ते अधिक नेटकं होतं, असा अनुभव आहे.

पाण्याची पाळी चुकली तर पुढची पाळी मिळते. लागणीची तारीख हरवली, की ती पुन्हा लावता येत नाही. म्हणून येत्या लागणीला पहिली कांडी सरीत पडेल, त्याच संध्याकाळी वहीचं पहिलं पान लिहा. गटातला कर्मचारी नोंदीला आला, की त्याच्यापुढे तीच वही धरा आणि तारीख ताडूनच सही करा.