गाळाचं धरण : ते फुटतं का, आणि आधी कळतं का?

(घाटंजी येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



धरण म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पाणी येतं. पण आणखी एका प्रकारची धरणं असतात, ज्यांच्यात पाण्यापेक्षा घाण जास्त असते. वीज केंद्राची राख, खाणीचा गाळ, शहराच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातून निघणारा मैलागाळ, हे सगळं पाण्यात कालवून पाइपानं आणतात आणि चहूबाजूंनी मातीचा बांध घालून साठवतात. त्याला कुणी तलाव म्हणतं, कुणी बंधारा म्हणतं. आज आपल्याला बघायचंय की हे धरण पाण्याच्या धरणापेक्षा वेगळं का वागतं, आणि त्याची तब्येत साध्या डोळ्यांनी किती ओळखता येते.

आपल्या विदर्भातलंच उदाहरण घेऊ. १६ जुलै २०२२. नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्राचा खसाळा इथला राखेचा बंधारा मोठ्या पावसात फुटला. राखेचं पाणी शेतांत शिरलं, कोलार नदीत गेलं, तिथून कन्हानमध्ये. आणि कन्हान म्हणजे नागपूरच्या पिण्याच्या पाण्याचा एक मुख्य स्रोत. म्हणजे बांध फुटला एका ठिकाणी आणि काळजी लागली नळाला. मध्य प्रदेशात सिंगरौलीला १० एप्रिल २०२० रोजी सासन वीज प्रकल्पाचा राखेचा बांध फुटला, तेव्हा तर माणसं गेली. लक्षात घ्या, एप्रिल महिना. पाऊस नव्हता. तेव्हा "पाऊसच फार झाला हो" हे उत्तर दर वेळी पुरत नाही.

आता पहिला फरक. गाळ जड असतो. दहा मीटर खोल पाणी तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण १० टन दाब देतं. तेवढाच खोल, पण पाण्याच्या दीडपट जड असलेला पातळ गाळ १५ टन देतो. आणि हा दाब नुसता खाली नसतो, बांधाला आडवाही लागतो. पाण्यासाठी पुरेसा असलेला बांध गाळासाठी पुरेलच असं नाही.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. पाण्याचं धरण एकदाच बांधतात. घळभरणी झाली, सांडवा झाला, काम संपलं. गाळाचं धरण मात्र वर्षानुवर्षं वाढत जातं. भरलं की उंची वाढवायची, पुन्हा भरलं की पुन्हा वाढवायची. ही उंची कशी वाढवतात? खर्च वाचवायचा असेल तर नवा बांध आतल्या बाजूला, आधी साठलेल्या गाळावरच टेकवतात. माती कमी लागते, जागा कमी लागते. पण पाया कशाचा? कालच्या गाळाचा! वरून वाळलेला, भेगाळलेला दिसतो. आत दोन-तीन मीटरवर तो ओला लोण्यासारखा असू शकतो.

अशा ओल्या, सैल गाळात पाण्याचा दाब वाढला की एक विलक्षण गोष्ट घडते. कणांचा एकमेकांवरचा टेकू सुटतो आणि घट्ट दिसणारा गाळ काही सेकंदांत पातळ होऊन वाहू लागतो. ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्यो इथं २५ जानेवारी २०१९ रोजी हेच झालं. लोहखनिजाच्या गाळाचं ८६ मीटर उंचीचं धरण. ते असंच आतल्या बाजूनं, गाळावर बांध टेकवत वाढवलेलं होतं. त्यात २०१६ पासून नवा गाळ टाकणं बंद होतं. काही महिन्यांपूर्वी ते स्थिर असल्याचं प्रमाणपत्रही मिळालेलं होतं. तरी फुटलं, आणि २७० माणसं गेली. खाली खाणीचं कार्यालय आणि जेवणघर होतं. दुपारची जेवायची वेळ होती.

यातून दोन गोष्टी शिकायच्या. एक, "आता वापर बंद आहे" म्हणजे धोका बंद झाला असं नाही. दोन, कागद म्हणजे बांध नव्हे.

आता आपल्या मातीकडे या. यवतमाळ जिल्हा काळ्या मातीचा. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा तुम्ही पाहिल्या आहेत. पाणी अडवायला ही माती चांगली, म्हणून आपल्याकडच्या मातीच्या धरणांत ती मधल्या गाभ्यात घालतात आणि दोन्ही अंगांनी मुरुमाचं जाड पांघरूण देतात. पण नुसत्या काळ्या मातीचा बांध उघडा ठेवला, तर उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी त्या भेगांत उतरतं. शेताच्या धुऱ्याला भगदाड कसं पडतं ते शेतकऱ्याला सांगायला नको. आधी बोटाएवढी वाट, मग हाताएवढी, मग धुराच जातो.

हे सगळं आधी कळतं का? बहुतेक वेळा कळतं. चार जागा बघायच्या.

पहिली, बांधाचा पायथा. थोडा पाझर प्रत्येक मातीच्या बांधाला असतो. त्यासाठीच पायथ्याशी दगडगोट्यांची निचऱ्याची चर देतात. पाझर स्वच्छ आणि रोज सारखा असेल तर घाबरायचं कारण नाही. तो वाढला, किंवा गढूळ झाला, तर समजायचं की पाणी आतली माती घेऊन बाहेर येतंय. आणि कायम चालणारा निचरा अचानक बंद झाला, तरी खूश होऊ नका. पाणी कुठं तरी आत तुंबतंय.

दुसरी, उतार. बाहेरच्या उताराच्या मध्यावर ओल, हिरवं गवत किंवा पानकणीस दिसलं, तर आतली पाण्याची पातळी वर चढली आहे. उतारावर बाभळी वाढल्या, उंदीर-घुशींची बिळं झाली, तर त्याही पाण्याच्या वाटाच.

तिसरी, माथा. लांबीच्या दिशेनं जाणारी भेग, किंवा एका ठिकाणी बसलेला माथा. अशी भेग नुसती मातीनं बुजवून टाकू नये. आधी मोजायची, खुंट्या ठोकून ती वाढते का ते पाहायचं.

चौथी, मोकळी उंची. म्हणजे आतल्या पाण्यापासून माथ्यापर्यंत उरलेलं अंतर. एक हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १० लाख लिटर पाणी होतं. वरच्या उताराचं पाणीही तलावात येत असेल, तर याच्या कितीतरी पट. पाणी माथ्यावरून वाहू लागलं की मातीचा बांध टिकत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हा पुण्यानं हे सोसलंय.

कोकणातलं तिवरे आठवा. २ जुलै २०१९ च्या रात्री ते मातीचं धरण फुटलं, वीसहून अधिक माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधी केलेली होती. नंतर मंत्रिमहोदयांनी खेकड्यांचं नाव घेतलं, त्यावर महाराष्ट्रभर विनोद झाले. पण विनोद बाजूला ठेवा. खेकड्यानं बीळ केलंही असेल, तरी ते बीळ शोधून बुजवणं हे खेकड्याचं काम नव्हतं.

मग हे काम कुणाचं? धरण सुरक्षा कायदा २०२१ चा आहे. त्यातली धरणाची व्याख्या नदी-नाल्यावर पाणी अडवायला किंवा वळवायला बांधलेल्या बांधांची आहे, आणि तो मुख्यतः १५ मीटरपेक्षा उंच धरणांसाठी आहे. १० ते १५ मीटरची धरणं काही अटींवर त्यात येतात. माळावरचं पाच-सहा मीटर उंचीचं गाळाचं तळं त्यात बसत नाही. म्हणून ज्याचा गाळ, त्याचीच देखरेख, अशी स्थिती होते. अशा ठिकाणी नागरिकांची नजर हीच मोठी तपासणी.

शेवटी आपल्या गावासारख्या नगर परिषदांचा प्रश्न. शौचालयं झाली, सेप्टिक टाक्या झाल्या. टाकी उपसणारा टँकर तो मैला नेतो कुठं? नाल्यात रिकामा केला तर तो वाघाडी नदीचाच. एखादा खड्डा खणून, बांध घालून साठवला, तर आज आपण ज्याबद्दल बोललो तेच धरण लहान रूपात तयार झालं.

इथं एक साधा हिशोब सांगतो. पातळ मैलागाळात १०० किलोंत घनभाग असतो फार तर २ किलो, बाकी पाणी. तो वाळवून घनभाग २० टक्क्यांवर आणला, तर १०० किलोंचे उरतात १० किलो. म्हणजे दहा टँकरचा एक टँकर! पाणी काढलं की बांधावरचा दाबही गेला आणि वाहून जाणारा पातळ गाळही गेला. वाई आणि सिन्नर या नगर परिषदांनी टाक्या ठरावीक वर्षांनी उपसायच्या आणि मैला प्रक्रिया केंद्रात न्यायचा, अशी पद्धत बसवली आहे. आपल्यासारखीच गावं आहेत ती. गाळाचं सगळ्यात सुरक्षित धरण म्हणजे जे बांधावंच लागत नाही ते.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे : "आम्ही सामान्य माणसं, आम्ही काय विचारायचं?" चार प्रश्न विचारा, ताई. गाळ कुठं जातो? बांधाची उंची शेवटची कधी वाढवली आणि कशावर? पावसाळ्याआधी कुणी पाहणी केली, त्याची नोंद कुठं आहे? आणि बांध फुटलाच, तर पाणी कोणत्या वस्तीकडे जाईल आणि तिथं निरोप कोण देईल? माहितीच्या अधिकारात हे लेखी मागता येतं. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं मिळायला वेळ लागला तरी चालेल. चौथ्याचं उत्तर मात्र मृगाच्या आधी मिळालं पाहिजे.