जाळी निम्मी करून पाहा

संगणकाच्या पडद्यावर एखादा यंत्रभाग लाल-पिवळ्या रंगांनी उजळला, की उत्तर मिळाले असे वाटते. त्या रंगांना आम्हीही पूर्वी भुललो आहोत. आता विद्यार्थी असे चित्र घेऊन आला, की आम्ही आधी विचारतो, “जाळी निम्मी करून पाहिलीस का?”

या प्रश्नाचा अर्थ वर्गातही उलगडता येतो. १ सेमी त्रिज्येच्या वर्तुळात सुसम षट्कोन काढा. त्याचे क्षेत्रफळ २.५९८ चौसेमी भरते. १२ बाजू घेतल्या तर ३.०००, २४ घेतल्या तर ३.१०६. ‘पाय’ची किंमत ठाऊक नसली, तरी लागोपाठच्या उत्तरांतला फरक ०.४०२ वरून ०.१०६ वर आलेला दिसतो. उत्तर स्थिरावत आहे, हे त्यावरून कळते.

फायनाइट एलिमेंट पद्धतीत वस्तूचे असेच लहान तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्यात विस्थापन एखाद्या सोप्या सूत्राने बदलते असे मानतात आणि तुकडे जोडून बनणारी हजारो समीकरणे संगणक सोडवतो. जिथे ताण झपाट्याने बदलतो तिथे तुकडा मोठा ठेवला, तर ते मानणेच चुकते. संगणक मात्र तक्रार करत नाही!

२३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेत स्टाव्हांगर शहराजवळच्या खोल खाडीत ‘स्लाइपनर ए’ या वायू-उत्पादन मंचाचा काँक्रीटचा तळ चाचणीसाठी पाण्यात उतरवला जात होता. सुमारे ६५ मीटर खोलीवर आतल्या कप्प्यांची एक भिंत फुटली. पंप अपुरे पडले आणि तळ बुडाला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. आर्थिक नुकसान मात्र सुमारे ७० कोटी डॉलरचे. चौकशीत आढळले, की कप्प्यांच्या सांध्यापाशी जाळी ओबडधोबड होती, त्यामुळे भिंत कातरू पाहणारा ताण ४७ टक्क्यांनी कमी धरला गेला. तिथल्या सळ्यांची रचनाही अपुरी होती. नंतर काळजीपूर्वक केलेल्या गणिताने भिंत ६२ मीटरवर फुटेल असे सांगितले!

म्हणून जाळीबरोबर हातचे गणितही हवे. २५ मिमी रुंद, १ मिमी जाड पोलादी पट्टी टेबलाच्या कडेला घट्ट आवळून २० सेमी बाहेर ठेवा. टोकाला १०० ग्रॅम वजन टांगले, की टोक आणखी सुमारे ६ मिमी खाली येते. बाकवाकाच्या सूत्रानेही तेच येते. याच पट्टीच्या जाडीत सोप्या त्रिकोणांची एकच ओळ घातली, तर संगणक पट्टी कितीतरी ताठ ठरवतो. आधारांवरच्या प्रतिक्रियांची बेरीज भाराइतकी येते का, हेही पाहावे. त्याला दोन मिनिटे लागतात.

एका ठिकाणी मात्र जाळी बारीक करून भागत नाही. आतल्या बाजूचा कोपरा आराखड्यात अगदी टोकदार काढला असेल, तर दर खेपेस तिथला ताण वाढतच जातो, स्थिरावत नाही. कारखान्यात त्या कोपऱ्याला जेवढी गोलाई देणार, तेवढी आराखड्यातच द्यावी आणि मग पुन्हा जाळी निम्मी करावी.