लेखांक १४ : झेडलिब दोन, आवृत्ती एक

क्रॉस-कंपायलिंगवर लिहितो असं म्हणालो होतो, ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. नवीन जालन्यातल्या एका डीटीपीवाल्या वाचकाचा प्रश्न आला आणि तो सुटेपर्यंत मला दुसरं काही सुचेना.

ऐन लग्नसराईत त्यांनी ६४ बिटचा नवा संगणक घेतला, त्यावर डेबियन टाकलं. लेसर प्रिंटर जुनाच, आणि त्याचा ड्रायव्हर फक्त ३२ बिटचा. तो चालवला की उत्तर यायचं, 'अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही.' फाइल तर डोळ्यांसमोर!

मी दुकानात जाऊन बसलो. या संदेशातली हरवलेली फाइल ड्रायव्हरची नसते. ३२ बिटचा प्रोग्राम सुरू करून देणारा लोडर जागेवर नसतो. ६४ बिटचा कर्नल ३२ बिटचे प्रोग्राम चालवतो, पण एकाच चालू प्रोग्रामात दोन्हीकडच्या लायब्ररी मिसळता येत नाहीत. त्यामुळे ड्रायव्हरला सी लायब्ररीपासून डेटा आवळणाऱ्या झेडलिब या लायब्ररीपर्यंत सगळं ३२ बिटचंच लागतं.

पूर्वी डेबियनमध्ये यासाठी 'आयए३२-लिब्ज' नावाचं एक गाठोडं असायचं. ३२ बिटच्या बऱ्याच लायब्ररी त्यात एकत्र कोंबलेल्या. एकीत दुरुस्ती झाली की गाठोडं पुन्हा बांधा. डेबियनचे विकासक स्टीव्ह लांगासेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकाटीने मल्टिआर्क, म्हणजे एकाच यंत्रावर अनेक आर्किटेक्चरची पॅकेजं शेजारी बसवायची सोय, उभं केलं, आणि मे २०१३ च्या डेबियन ७ पासून या गाठोड्याची गरज संपली. लांगासेक १ जानेवारी २०२५ रोजी गेले. त्यांचं काम त्या दुकानात माझ्यासमोर चालू होतं.

मल्टिआर्कचं मर्म मी कुंडलिकेवरून सांगतो. नदीच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवीन. नळ ज्याच्या त्याच्या घरात लागतो. घड्याळ दुरुस्त करणारा कुठल्याही काठावर बसला तरी चालतं. झेडलिब हा नळ आहे. तिच्या पॅकेजवर 'सेम' अशी खूण असते, म्हणजे दोन्ही प्रती शेजारी नांदतात, प्रत्येकीची लायब्ररी-फाइल आपल्या वेगळ्या डिरेक्टरीत. नुसतं चालवून घ्यायचं साधन म्हणजे घड्याळजी. त्याच्यावर 'फॉरिन' ही खूण असते, म्हणजे ते कुठल्याही आर्किटेक्चरचं असो, सर्वांची गरज भागवतं. खूणच नसेल तर अवलंबित्व आपल्याच काठावर भागवावं लागतं.

मी डेबियनच्या पॅकेज-व्यवस्थापकाला, डीपीकेजीला, आय३८६ हे ३२ बिटचं आर्किटेक्चर जोडायला सांगितलं, याद्या ताज्या केल्या आणि ३२ बिटची झेडलिब मागितली. पॅकेजं आणून बसवणारं अ‍ॅप्ट अडून बसलं. 'अ‍ॅप्ट पॉलिसी'ने दोन्ही प्रतींच्या आवृत्त्या पाहिल्या, तेव्हा कारण कळलं. ६४ बिटची झेडलिब कुण्या बाहेरच्या भांडारातून आलेली, एक पायरी पुढची. ३२ बिटची डेबियनची. 'सेम' खुणेची अट कडक आहे. दोन्ही प्रतींची आवृत्ती तंतोतंत एकच हवी, कारण दोघींच्या सामायिक फाइली एकाच जागी बसतात आणि त्या अक्षरशः सारख्या असाव्या लागतात. बाहेरचं भांडार बंद केलं, ६४ बिटची झेडलिब डेबियनच्या आवृत्तीवर परत आणली. मग ३२ बिटची गुमान बसली आणि पहिली लग्नपत्रिका छापून बाहेर आली.

या अटीला अडवणूक म्हणणारे मला भेटतात. मला ती मल्टिआर्कची सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. ती नसती तर सुरक्षेची दुरुस्ती एका प्रतीत होऊन दुसरी तशीच राहिली असती, आणि कुणाला पत्ता लागला नसता.

ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने आय३८६ साठी स्वतंत्र इन्स्टॉलर आणि कर्नल देणं थांबवलं. ३२ बिटची पॅकेजं आहेत, पण ती ६४ बिटच्या यंत्रावर जुने प्रोग्राम चालवण्यासाठी. म्हणजे नेमकी आपल्या या वाचकासारख्यांसाठी.

एक विनंती. दोन प्रतींच्या आवृत्त्या जुळत नसल्या की अ‍ॅप्ट काढून टाकायच्या पॅकेजांची लांबलचक यादी दाखवतं. ती पूर्ण वाचल्याशिवाय 'हो' म्हणू नका. आधी दोन्ही आवृत्त्या ताडून पाहा.