सूज का येते, आणि न उतरली तर काय होते?



ऊस तोडताना कोयता निसटतो, नाहीतर पानाच्या पात्याने हात चिरतो. दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकते. पायाला जखम झाली तर जांघेत अवधाण येते. आपण लगेच म्हणतो, 'जखम चिघळली.' पण दर वेळी तसे नसते. ही चार लक्षणे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवली आहेत. वैद्यकात याला दाह म्हणतात. दाह हा स्वतः रोग नव्हे. शरीराने आपल्या रक्षणासाठी काढलेले ते काम आहे.

हे काम चालते कसे? कातडी फाटली की तिथल्या पेशी हिस्टामिनसारखी द्रव्ये सोडतात. त्यामुळे बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून जागा लाल आणि गरम. वाहिन्यांतून पाणी पाझरते, म्हणून सूज. काही तासांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे जमतात, जंतू गिळतात आणि स्वतःही मरतात. पू असतो तो बहुतेक या मेलेल्या पेशींचाच. मागून मोठ्या भक्षक पेशी येऊन जागा साफ करतात.

पण आग लावली तर ती विझवताही आली पाहिजे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळतात, आणि तीच आग हाताबाहेर गेली की वणवा होतो. म्हणून वनखाते जाळरेषा काढते. शरीराजवळही अशा जाळरेषा आहेत. मेलेल्या पेशी गिळल्यावर भक्षक पेशी 'आता पुरे' असा निरोप देणारी द्रव्ये सोडू लागतात. काही पांढऱ्या पेशींचे कामच इतरांना आवरण्याचे असते. शिवाय मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी आहेत, त्यांतून कॉर्टिसॉल रक्तात येते व दाह शांत करते. या जाळरेषा तुटल्या, किंवा आग नको तिथे पेटली, तर राखणदारच घर जाळतो. संधिवातात सांधे असेच झिजतात. याचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र याच दोन जिल्ह्यांतले आहे. ते म्हणजे कुष्ठरोग.

बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. बोटे झडलेले हात पाहून लोकांना वाटे, की जंतूच बोटे खातो. तसे नाही. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ साली शोधलेला हा जंतू फार संथ आहे. एकाचे दोन व्हायला त्याला बारा ते चौदा दिवस लागतात. मज्जातंतूंच्या, म्हणजे आपण ज्यांना नसा म्हणतो त्यांच्या, आवरणात तो वर्षानुवर्षे गुपचूप राहतो. मग शरीर त्याला ओळखते आणि तिथे दाह पेटतो. कोपरापाशी, गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, घोट्यापाशी नस अरुंद जागेतून जाते. सुजेला पसरायला वाव नसतो, म्हणून नसच आवळली जाते. हातपाय बधिर होतात, बोटे वाकतात. भाजले, चिरले तरी कळत नाही. जखमा चिघळून हाड झिजते आणि बोटे आखूड होतात. मोठे नुकसान होते ते जंतूपेक्षा या आगीने.

या भडक्याला डॉक्टर 'रिअ‍ॅक्शन' म्हणतात. जुने चट्टे एकाएकी लाल होऊन फुगतात, नस दुखते, कधी ताप व दुखऱ्या गाठी येतात. उपचाराआधी, उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही हे होऊ शकते, कारण मेलेल्या जंतूंचे अवशेष बरेच दिवस अंगात राहतात. रोगी म्हणतो, 'गोळ्या बाधल्या', आणि गोळ्या सोडतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! कुष्ठरोगाच्या गोळ्या जंतू मारतात, त्या चालूच ठेवायच्या. भडक्याला वेगळे औषध असते, बहुधा प्रेडनिसोलोन. ते कॉर्टिसॉलचेच कारखान्यात बनवलेले भावंड आहे. नसेची ताकद गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत ते सुरू झाले, तर ती परत येण्याची आशा चांगली असते.

मात्र हे औषध दुकानातून आणून आपल्या मनाने खाऊ नये. सांधे दुखतात म्हणून तशी गोळी मागून घेणारे पुष्कळ आहेत. बाहेरून आयते मिळाले की शरीराची ग्रंथी सुस्तावते, आणि गोळी एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकते. साखर वाढते, दुसऱ्या जंतूंना रान मोकळे मिळते. मात्रा डॉक्टरांनीच हळूहळू उतरवायची असते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचवली, आणि कुष्ठरोग पूर्ण बरा होऊ लागला. रोगाच्या प्रकाराप्रमाणे उपचार सहा किंवा बारा महिन्यांचे असतात आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. त्याने लघवी लालसर होते, कातडी काळवंडते, त्याला घाबरू नये. २००५ साली देशपातळीवर या रोगाचे प्रमाण दहा हजारांत एकापेक्षा खाली आले. तरी चंद्रपूर आणि गडचिरोलीत अजून नवे रोगी सापडतात.

तेव्हा घरात आणि तोडणीच्या टोळीत एवढे पाहा : फिकट किंवा लालसर बधिर चट्टा आहे काय? पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही, असे होते काय? शर्टाची बटणे लावताना बोटे अडतात काय? असेल तर लाज धरू नका, आणि त्या माणसाला कामावरून किंवा पंगतीतून उठवू नका. बहुतेकांना या रोगाची लागण होतच नाही. त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. सूज लवकर दाखवली तर हात वाचतो, आणि हात वाचला तर शेती वाचते.