‘साचणे’ : एका शब्दाचा अर्थ आणि वापर

‘साचणे’ हे क्रियापद आपल्या प्रवचनांत आणि धर्मशिक्षणाच्या वर्गांत वारंवार ऐकू येते. ‘आपली श्रद्धा साचली आहे’, ‘धर्मग्रामाला साचलेपण आले आहे’ अशी वाक्ये ऐकून श्रोते मान डोलावतात. परंतु घरी जाऊन नेमके काय करावयाचे, हे त्यांना उमगत नाही. हा श्रोत्यांचा दोष नव्हे. अर्थाची शहानिशा न करता शब्द वापरला, तर त्यातून ठपका तेवढा पोहोचतो, उपाय पोहोचत नाही. म्हणून या शब्दाचा रोजच्या बोलण्यातील अर्थ आम्ही प्रथम पाहणार आहोत आणि मग पवित्र शास्त्रात त्याला आधार कोठे मिळतो, याचा विचार करणार आहोत.

थांबलेपण सांगणारी क्रियापदे मराठीत अनेक आहेत आणि ती सहसा एकमेकांच्या जागी चालत नाहीत. टाकीत पाणी आपण ‘साठवतो’. तेथे कर्ता असतो आणि हेतूही असतो. अंगणातील खळग्यात पाणी ‘साचते’. ते कोणी आणून ओतलेले नसते, उतार नसल्यामुळे ते आपोआप गोळा होते. मोरी ‘तुंबते’, तेथे वाट असते, पण मध्ये काहीतरी अडकलेले असते. रोपट्याची वाढ ‘खुंटते’. तेथे पोषण तुटलेले असते किंवा मुळाला इजा झालेली असते. बुद्धी ‘कुंठित’ होते. संस्कृत ‘कुंठ’ म्हणजे बोथट, आणि धार गेलेल्या हत्याराप्रमाणे ती पुढे शिरत नाही. ‘कामे साचली’ असे आपण म्हणतो, तसेच ‘कामे तुंबली’ असेही म्हणतो. पहिल्या वाक्यात ती हळूहळू गोळा झाली एवढेच कळते. दुसऱ्यात कोठेतरी अडथळा आहे, अशी तक्रार असते.

‘साचणे’ या शब्दाचे नाते कोशकार संस्कृत ‘संचय’ या शब्दाशी जोडतात. ‘संचित’ हा शब्दही त्याच कुळातला. म्हणजे मुळात या क्रियापदात निंदा नाही. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण आपण मुलांना काटकसर आणि चिकाटी शिकविण्यासाठी सांगतो. तेथे साचणे हा गुणच आहे. उलट ‘मनात फार साचले आहे’ असे कोणी म्हणाले, की ते दुःख असते, राग असतो किंवा न बोललेला अपमान असतो. एकच क्रियापद एकीकडे कौतुकाचे आणि दुसरीकडे वेदनेचे कसे होते?

याचे उत्तर अगदी घरगुती आहे. डेंग्यूच्या साथीत ‘पाणी साचू देऊ नका’ आणि ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा’ अशा सूचना दिल्या जातात. डेंग्यू पसरविणारा एडिस डास बहुधा घाण गटारात नव्हे, तर स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करावयाची. नुसती रिकामी करूनही भागत नाही, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात; ती घासावी लागतात. जे पाणी आपण शहाणपणाने साठविले, तेच आठवडाभर तसेच राहिले तर धोक्याचे होते. साठलेले आणि साचलेले यांतील फरक पाण्याच्या जातीत नाही. ते वापरले जाते की नाही, आणि भांडे पुन्हा स्वच्छ होते की नाही, यात आहे.

गोव्यातील आमच्या वाचकांना याचे दुसरे उदाहरण परिचित आहे. मांडवी आणि जुवारी यांच्या काठच्या खाजन जमिनींत पाणी अडविण्यासाठी बांध असतात आणि बांधात ‘मानस’ म्हणजे झडपेचे दार असते. भरतीच्या रेट्याने दार मिटते व खारे पाणी शेतात घुसत नाही. ओहोटीला ते उघडते व आतले पाणी बाहेर जाते. बांध नसेल तर शेत बुडते, आणि दार बिघडले तरी शेत बुडते. धरून ठेवणे आणि सोडून देणे ही दोन्ही कामे तेथे एकाच व्यवस्थेची आहेत.

आता शास्त्राकडे वळू. साचलेपणावर बोलताना पुष्कळदा यिर्मयाच्या दुसऱ्या अध्यायातील फुटक्या हौदांचा दाखला दिला जातो. तो दाखला येथे बसत नाही. त्या हौदांत पाणी साचले हा त्यांचा दोष नव्हे. त्यांत पाणी राहतच नाही, हा दोष आहे. साचलेपणाचे चित्र त्याच ग्रंथाच्या अठ्ठेचाळिसाव्या अध्यायात, मवाबाविषयीच्या वचनात आहे. मवाब तरुणपणापासून स्वस्थ राहिला, एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात कधी ओतला गेला नाही, आपल्या गाळावरच बसून राहिला. म्हणून त्याची चव व वास होता तसाच राहिला, असे संदेष्टा सांगतो. सफन्याच्या पहिल्या अध्यायातही गाळावर थिजलेल्या माणसांचे हेच रूपक आहे, आणि त्यांचे लक्षण तेथे स्पष्ट केले आहे: परमेश्वर भलेही करीत नाही आणि बुरेही करीत नाही, असे ती मनात म्हणतात. साचलेपणाचे मर्म ते हेच. येथे देव नाकारला जात नाही. त्याच्याकडून काही घडेल ही अपेक्षाच सोडून दिली जाते.

परंतु यशयाच्या पंचविसाव्या अध्यायात देवाने सर्व राष्ट्रांसाठी मांडलेल्या मेजवानीत गाळावर मुरलेला द्राक्षारस आहे, आणि ‘गाळ’ यासाठी तेथे तोच हिब्रू शब्द आहे. तो द्राक्षारस मुरलेला आहे, पण गाळून घेतलेलाही आहे. मुरणे हे वरदान; गाळून न घेणे ही हानी. म्हणून जुन्या भक्तिप्रथा, वाडवडिलांची प्रार्थना, पिढ्यान् पिढ्या चालत आलेली गीते यांना सरसकट ‘साचलेले’ म्हणणे अन्यायाचे आहे. त्यांतील कितीतरी मुरलेले असते.

‘जिवंत पाणी’ या शब्दाचाही असाच विचार व्हावा. हिब्रूत त्याचा साधा अर्थ झऱ्याचे, वाहते पाणी असा आहे. योहानाच्या चौथ्या अध्यायात शोमरोनी स्त्री याकोबाच्या विहिरीला विहीर म्हणते, तर प्रभू येशू झऱ्यासाठीचा वेगळा ग्रीक शब्द वापरतो. मात्र सुवार्ताकाराने त्याच विहिरीला आरंभी झराही म्हटले आहे. वरून स्थिर दिसणाऱ्या विहिरीच्या तळाशी झरा असू शकतो. ‘दिदाखे’ या आरंभकालीन ग्रंथाच्या सातव्या अध्यायात बाप्तिस्मा वाहत्या पाण्यात द्यावा, ते नसेल तर इतर पाण्यात द्यावा, असे सांगितले आहे. स्थिर पाण्याला तेथे अपात्र ठरविलेले नाही.

केवळ हालचाल म्हणजे उपाय, असेही नव्हे. इ. स. 399 मध्ये निवर्तलेला मिसरच्या वाळवंटातील तपस्वी एवाग्रियस याने ‘अकेडिया’ या मनोविकाराचे वर्णन केले आहे. त्याने ग्रासलेला साधू खोलीबाहेर डोकावतो, सूर्य किती वर आला हे पाहतो आणि दुसऱ्या जागी जाण्याचे बेत करतो. बाहेरून पाहता तो अस्वस्थ व चंचल असतो. आत मात्र सारे थांबलेले असते. साचलेल्या धर्मग्रामात कार्यक्रमांची संख्या वाढवून आपणही कधी कधी खळग्यातले पाणी ढवळत असतो.

म्हणून धर्मगुरूंना व धर्मशिक्षकांना आमची विनंती आहे, की हा शब्द उच्चारण्यापूर्वी थांबण्याचा प्रकार ओळखावा. धर्मग्रामातील दोन घराण्यांच्या भांडणामुळे काम अडले असेल, तर ते तुंबले आहे. तेथे अडथळा काढावा, उत्साहाचे प्रवचन करू नये. तरुणांची श्रद्धा बालवर्गातील शिकवणीपुढे गेली नसेल, तर ती खुंटली आहे; तेथे अन्न द्यावे. ज्ञान पुष्कळ मिळाले, पण शेजाऱ्याच्या कामी आले नाही, तेथे खरोखर साचले आहे; तेथे वाट काढून द्यावी. आणि एखादी विधवा किंवा वृद्ध प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी ‘मनात फार साचले आहे’ असे म्हणेल, तेव्हा ती व्यक्ती आळसाची कबुली देत नसते. तिला उपदेश नको असतो. वाहून जाण्यासाठी तिला उतार हवा असतो, आणि त्या घटकेपुरता तो उतार म्हणजे ऐकणाऱ्याचे कान असतात. तेथे घाईने दिलेले उत्तर म्हणजे नवा बांध होय. तिचे बोलणे पूर्ण होईपर्यंत आपण गप्प राहावे.