आयसर्टिस

आयसर्टिस ही मोठ्या उद्योगसमूहांना करार-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर पुरवणारी खासगी कंपनी आहे. समीर बोडस आणि मोनिष दर्डा यांनी २००९ मध्ये तिची स्थापना केली. कंपनीचे मुख्यालय अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बेलव्ह्यू येथे असले, तरी सॉफ्टवेअर घडवण्याचे बरेचसे काम पुण्यात चालते. तिचे समभाग शेअर बाजारात नोंदलेले नाहीत.

कार्यक्षेत्र

मोठ्या कंपनीचे पुरवठादार, वितरक व ग्राहक यांच्याशी हजारो करार असतात. सही होईपर्यंत त्यांवर अनेकांचे लक्ष असते. त्यानंतर मात्र ते बहुधा कपाटात किंवा कोणाच्या तरी ईमेलमध्ये पडून राहतात. परिणामी कबूल झालेली सवलत मागायची राहते, उशिराचा दंड वसूल होत नाही आणि नको असलेला करारही आपोआप पुढे चालू राहतो.

आयसर्टिसच्या प्रणालीत कराराचा मसुदा मंजूर नमुन्यावरून तयार होतो. ठरलेल्या कलमात कोणी फेरफार केल्यास तो विधी विभागाकडे संमतीसाठी जातो. सहीनंतर मुदती व दायित्वे यांची नोंद राहते आणि संबंधितांना वेळेवर सूचना मिळते. जुन्या करारांतील तारखा, रकमा व कलमे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने शोधता येतात; त्यांचा अर्थ लावण्याचे काम अर्थातच वकिलांचे.

अशा शोधाचे महत्त्व २०२० च्या कोरोना साथीत विशेष जाणवले. टाळेबंदीमुळे माल पोहोचवता न आल्यास जबाबदारी कोणाची, हे करारातील 'फोर्स मेज्यूर', म्हणजे अपरिहार्य आपत्तीच्या कलमावर अवलंबून होते. भारतात असे कलम करारात असल्यास भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम ३२ आणि नसल्यास कलम ५६ लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मधील एनर्जी वॉचडॉग खटल्यात स्पष्ट केले आहे. त्यामुळे कोणत्या करारात ते कलम आहे, हेच आधी शोधणे भाग होते. हजारो कागद हाताने चाळून ते लवकर कळणे अवघडच.

भांडवल व ग्राहक

जुलै २०१९ मध्ये कंपनीने ११.५ कोटी डॉलर उभारले. त्या वेळी तिचे मूल्यांकन १०० कोटी डॉलरपलीकडे जाऊन ती 'युनिकॉर्न' ठरली. मार्च २०२१ मध्ये आणखी ८ कोटी डॉलर मिळाले, तेव्हा मूल्यांकन २८० कोटी डॉलर होते. २०२२ मध्ये एसएपी या जर्मन कंपनीने तिच्यात गुंतवणूक केली. प्रणाली मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझूर या क्लाउड सेवेवर चालते आणि मायक्रोसॉफ्ट ही कंपनी तिची ग्राहकही आहे.