सागरी संवर्धन प्रकल्पांसाठी शासकीय अर्थसाहाय्य

समुद्र, समुद्रकिनारे, खाड्या, कांदळवने व प्रवाळभित्ती यांचे रक्षण, त्यांची हानी झाली असल्यास पुनःस्थापन आणि त्यांतील मत्स्यसंपत्तीचा टिकाऊ वापर यांसाठी हाती घेतलेल्या कामांना केंद्र वा राज्य शासनाकडून मिळणारी आर्थिक मदत. भारतात या कामासाठी एकच एक निधी नाही. निरनिराळी मंत्रालये, राज्यांचे विभाग, नियमानुसार स्थापन झालेली प्रतिष्ठाने व शासनामार्फत येणारे आंतरराष्ट्रीय निधी यांतून ही मदत मिळते. त्यामुळे अर्ज करणाऱ्याला प्रथम दोन गोष्टी ठरवाव्या लागतात : संकल्पित काम कोणत्या अधिकारक्षेत्रात पडते आणि ते करण्याचा कायदेशीर अधिकार आपणास आहे किंवा नाही. अनुभवान्ती असे दिसते की, प्रकल्पाच्या गुणवत्तेइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर अर्जाचे यश अवलंबून असते.

अधिकारक्षेत्र : भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार मासेमारी हा राज्यांचा विषय आहे, तर प्रादेशिक समुद्रापलीकडील मासेमारी हा संघराज्याचा विषय आहे. वने आणि वन्य प्राणी व पक्षी यांचे संरक्षण हे विषय १९७६ च्या बेचाळिसाव्या संविधान-दुरुस्तीने समवर्ती सूचीत आले. सागरी क्षेत्रांविषयीच्या १९७६ च्या अधिनियमाप्रमाणे प्रादेशिक समुद्र १२ सागरी मैलांपर्यंत व अनन्य आर्थिक क्षेत्र २०० सागरी मैलांपर्यंत असते. या विभागणीचा परिणाम निधीवरही होतो. मालवणच्या किनाऱ्यालगतच्या प्रवाळांविषयीचा प्रस्ताव राज्याच्या वन विभागामार्फत पुढे जाऊ शकतो; परंतु विजयदुर्गच्या पश्चिमेस सु. १०५ किमी. अंतरावरील आंग्रिया प्रवाळमंच प्रादेशिक समुद्राबाहेर असल्याने तेथील संरक्षणाचा निर्णय केंद्र शासनावाचून होऊ शकत नाही.

किनाऱ्यावरील जमिनीच्या बाबतीत किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचना (१९९१, २०११ व २०१९) लागू होतात. कांदळवने बहुधा या क्षेत्राच्या सर्वाधिक संरक्षित विभागात मोडतात. महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम व २०१८ मध्ये अंतिम आदेश देऊन कांदळवनांच्या तोडीस बंदी केली. सार्वजनिक हिताच्या कामासाठीही न्यायालयाची अनुमती आवश्यक ठरविली. त्यामुळे जेटी, पायवाट वा पर्यटकांसाठी मचाण यांसारखी लहान कामे असलेल्या संवर्धन-प्रस्तावालाही निधीच्या मंजुरीखेरीज स्वतंत्र परवानग्या लागतात.

निधीचे स्रोत : पर्यावरण, वने व जलवायुपरिवर्तन मंत्रालयाकडे कांदळवने, प्रवाळ आणि सागरी अभयारण्ये हे विषय येतात. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१० मध्ये सुरू झालेला एकात्मिक किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्रकल्प गुजरात, ओडिशा व पश्चिम बंगाल या तीन राज्यांत राबविण्यात आला. चेन्नई येथील राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्राची स्थापना याच काळातील. कांदळवनांच्या लागवडीसाठी ‘मिष्टी’ ही योजना २०२३ मध्ये जाहीर झाली. रोजगार हमी योजना व पर्यायी वनीकरण निधी यांची सांगड घालून तिचा खर्च भागवावा, अशी तिची मूळ कल्पना होती.

मत्स्यव्यवसायाच्या क्षेत्रात २०२० मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना ही सर्वांत मोठी होय. पाच वर्षांसाठी तिची संकल्पित गुंतवणूक २०,०५० कोटी रुपये होती व पुढे तिची मुदत २०२५-२६ पर्यंत वाढविण्यात आली. सागरी संशोधनासाठीचे अनुदान पृथ्वी विज्ञान मंत्रालयाकडून (स्थापना २००६) मिळते; ते मुख्यतः विद्यापीठे व संशोधन संस्था यांच्यासाठी असते.

महाराष्ट्रात वन विभागांतर्गत कांदळवन कक्ष २०१२ मध्ये आणि त्याला पूरक असे कांदळवन प्रतिष्ठान २०१५ मध्ये स्थापन झाले. प्रतिष्ठानाकडील निधीतून लागवड, संशोधन, सागरी प्राण्यांची सुटका व किनारी गावांतील उपजीविका यांना साहाय्य दिले जाते. हरित जलवायू निधीने २०१८ मध्ये भारताच्या किनारी समाजांच्या जलवायुविषयक सक्षमीकरणासाठी सु. ४.३४ कोटी डॉलरचे अनुदान मंजूर केले. महाराष्ट्र, आंध्र प्रदेश व ओडिशा या तीन राज्यांसाठी ते आहे. अशा आंतरराष्ट्रीय निधीकडे गाव वा संस्था थेट अर्ज करू शकत नाही. केंद्र शासन व मान्यताप्राप्त संस्था यांच्यामार्फतच ते मिळतात.

परदेशांतही या मदतीची रचना अधिकारक्षेत्रानुसार होते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७२ च्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन अधिनियमान्वये राज्याने स्वतःचा हिस्सा घातल्यास संघीय शासन अनुदान देते. यूरोपीय संघाचा २०२१–२७ या काळासाठीचा सागरी, मत्स्यव्यवसाय व जलसंवर्धन निधी सु. ६.१ अब्ज यूरोंचा असून त्याचा बराचसा भाग सदस्य राष्ट्रांच्या कार्यक्रमांद्वारे खर्च होतो.

मालवणचा अनुभव : मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौ. किमी. असून त्यातील ३.१८ चौ. किमी. हा गाभा आहे. सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगड यांचा परिसर त्यात येतो. मासेमारीवर निर्बंध येतील या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्यास दीर्घकाळ विरोध केला. कायद्याने संरक्षण मिळाले, परंतु ज्यांच्या हातून ते प्रत्यक्षात यायचे त्यांना निर्णयात वा लाभात वाटा नव्हता.

जागतिक पर्यावरण सुविधा व संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांच्या साहाय्याने सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर २०११ नंतर राबविलेल्या प्रकल्पात वेगळी दिशा घेण्यात आली. खेकडापालन, कालवे व शिनाणे यांचे संवर्धन, पिंजऱ्यांतील जिताडापालन आणि पर्यटन यांना त्यातून साहाय्य मिळाले. लहान मासळी निसटून जावी म्हणून ट्रॉलर नौकांना ४० मिमी. चौकोनी आसाची जाळी पुरविण्यात आली. वेंगुर्ले येथील ‘स्वामिनी’ या महिला बचत गटाने मांडवी खाडीत सुरू केलेली कांदळवन सफर हे या कार्याचे परिचित उदाहरण होय. या अनुभवाचा प्रभाव पुढील राज्य योजनेत स्पष्ट दिसतो.

सहव्यवस्थापन समिती : महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना सुरू केली. तिच्यात गावपातळीवर कांदळवन सहव्यवस्थापन समिती स्थापन करून तिच्यामार्फत गटांचे व व्यक्तींचे प्रस्ताव मागविले जातात. गटाच्या प्रकल्पास खर्चाच्या ९० टक्के व वैयक्तिक प्रकल्पास ७५ टक्के अर्थसाहाय्य मिळते. उरलेला हिस्सा लाभार्थींनी घालावयाचा असतो. त्याच्या मोबदल्यात गावाने कांदळवनांचे रक्षण करावे, अशी अपेक्षा असते.

या समितीचे महत्त्व केवळ प्रशासकीय नाही. शिनाणे काढणाऱ्या स्त्रिया, खाजणात खेकडे पकडणारे लोक आणि होडी नसलेले मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या खाडीवर जगत आले, तरी खाडी त्यांच्या नावावर नसते. वैयक्तिक अर्जासोबत जमिनीचा उतारा, परवाना वा नोंदणी-प्रमाणपत्र मागितले गेले, तर असे लोक आरंभीच वगळले जातात. समितीमुळे या लोकांना शासनापुढे अर्जदार म्हणून उभे राहण्याचे स्थान मिळते. मात्र समितीचे सभासदत्व गावातील सधन नौकामालकांपुरते राहिले, तर हा हेतू विफल होतो.

खर्चातील वाटा : अनुदानाचे प्रमाण योजनेनुसार बदलते व त्यावरून तिचा लाभ कोणाला घेता येईल, हे बरेचसे ठरते. मत्स्यसंपदा योजनेच्या लाभार्थीप्रधान घटकांत सर्वसाधारण प्रवर्गासाठी प्रकल्पखर्चाच्या ४० टक्के, तर अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व महिला यांच्यासाठी ६० टक्के अशी साहाय्याची मर्यादा ठरविण्यात आली. महाराष्ट्रासारख्या राज्यात शासकीय हिश्शाचे केंद्र व राज्य यांतील प्रमाण ६० : ४० असे होते. उदाहरणादाखल, एक लाख रुपये मान्य खर्चाच्या कामासाठी या योजनेत एखाद्या आदिवासी स्त्रीला साठ हजार रुपये मिळाले, तर त्यांपैकी छत्तीस हजार केंद्राचे व चोवीस हजार राज्याचे असतात. चाळीस हजार तिने स्वतः उभे करावयाचे असतात. तेवढ्याच खर्चाच्या कामासाठी कांदळवन योजनेतील गटाला दहा हजार रुपये पुरतात. शिवाय अनेक योजनांत अनुदान हप्त्यांनी किंवा काम झाल्याची तपासणी झाल्यावर दिले जाते. तोवर लागणारे भांडवल ज्याच्यापाशी नाही, त्याला मंजुरी मिळूनही काम सुरू करता येत नाही.

प्रस्तावाचे स्वरूप : लहान कामासाठी विहित नमुन्यातील अर्ज पुरेसा असतो, मोठ्या कामासाठी सविस्तर प्रकल्प अहवाल द्यावा लागतो. त्यात जागेची निश्चित सीमा व नकाशा, तिची कायदेशीर स्थिती, सध्याच्या परिस्थितीची नोंद, उद्दिष्टे, कामांचा क्रम, खर्चाचे अंदाजपत्रक, आवश्यक परवानग्या आणि देखरेखीची पद्धती यांचा समावेश असतो. यांपैकी आरंभीच्या परिस्थितीची नोंद सर्वांत महत्त्वाची, कारण तीवाचून प्रकल्पाने काय साधले हे पुढे सांगता येत नाही. कांदळवन लागवडीत रोपांची संख्या हे पुरेसे परिमाण नव्हे. भरतीचे पाणी जागेवर किती काळ राहते, चिखलाचे स्वरूप काय आहे व तेथे पूर्वी कोणती जाती होती, हे पाहिले नाही तर रोपे जगत नाहीत. उघडी चिखलवट ही पाणपक्ष्यांची खाद्यभूमी असल्यास तेथे लागवड करणे संवर्धनाच्या हेतूला बाधक ठरते.

मत्स्यव्यवसायविषयक अर्ज जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात, तर कांदळवनविषयक अर्ज कांदळवन कक्षाच्या क्षेत्रीय कार्यालयामार्फत दिले जातात. केंद्र शासनाचे अनुदान मागणाऱ्या स्वयंसेवी संस्थेची नीती आयोगाच्या दर्पण संकेतस्थळावर नोंदणी असावी लागते. त्याच कामासाठी अन्य मंत्रालयाकडे अर्ज केलेला नाही किंवा मदत घेतलेली नाही, असेही तिला प्रमाणित करावे लागते.

काही साहाय्य प्रकल्पासाठी नसून प्रत्यक्ष कृतीसाठी असते. जाळ्यात सापडलेला देवमासा, डॉल्फिन, कासव यांसारखा संरक्षित प्राणी जाळे कापून समुद्रात सोडणाऱ्या मच्छीमारास २०१८ च्या राज्य योजनेनुसार जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळू शकते. त्यासाठी सुटकेची छायाचित्रे हा मुख्य पुरावा असतो.

मंजुरीनंतरची बंधने : केंद्र शासनाच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार (२०१७) अनुदान ज्या कामासाठी दिले त्यावरच खर्च व्हावे लागते. वित्तीय वर्ष संपल्यावर बारा महिन्यांच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. ते न दिल्यास पुढील हप्ता अडतो. अनुदानाच्या रकमेवरील व्याज शासनाकडे जमा करावे लागते व त्यातून घेतलेली मालमत्ता पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. हिशेब लेखापरीक्षणास खुले असतात. लहान गटांच्या बाबतीत काम नीट होऊनही पावत्या व नोंदवह्या अपुऱ्या राहिल्याने अडचणी येतात. म्हणून हिशेबनीसाचे प्रशिक्षण हा प्रकल्पाचाच भाग मानणे हितावह ठरते.

किनाऱ्यापासून दूरचे प्रदेश : समुद्राचे आरोग्य नद्यांवरही अवलंबून असते, परंतु सागरी योजनांचे क्षेत्र भरतीच्या रेषेशी संपते. नंदुरबार जिल्ह्याला किनारा नाही. तथापि तेथील पाणी तापी व नर्मदा या नद्यांवाटे खंबायतच्या आखातास मिळते. नर्मदेच्या मुखाकडे येणारे गोडे पाणी धरणांमुळे घटल्यावर भडोचकडील हिल्सा (पाला) माशांची मासेमारी खालावली, हे नदी व समुद्र यांच्या संबंधाचे ठळक उदाहरण आहे. तरीही अक्कलकुवा तालुक्यातील खापरसारख्या गावाला मृद्‌संधारण वा नदीसंवर्धन या कामासाठी सागरी निधी मिळत नाही. त्याला पाणलोट, वन वा अंतर्देशीय मत्स्यव्यवसाय यांच्या योजनांकडे वळावे लागते.

तेथेही अर्जदाराच्या अधिकाराचा प्रश्न तोच असतो. सरदार सरोवरामुळे जिल्ह्यातील ३३ गावे बाधित झाली व पुढे त्या जलाशयावर विस्थापितांच्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्था स्थापन झाल्या. अक्कलकुवा तालुका अनुसूचित क्षेत्रात असल्याने १९९६ च्या पंचायत विस्तार अधिनियमान्वये लहान जलाशयांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे येते. २००६ च्या वनहक्क अधिनियमात मासे व जलाशयांतील अन्य उत्पन्न यांवरील सामूहिक हक्क मान्य केलेला आहे. किनाऱ्यावर सहव्यवस्थापन समितीच्या ठरावाला जे मोल, ते येथे ग्रामसभेच्या ठरावाला व सामूहिक हक्काच्या दाव्याला असते.

मर्यादा : प्रकल्पांची मुदत सामान्यतः तीन ते पाच वर्षांची असते, तर कांदळवन वाढण्यास वा मत्स्यसाठा पूर्ववत होण्यास त्याहून अधिक काळ लागू शकतो. निधी संपल्यावर देखरेख थांबते. खर्च झालेल्या रकमेवरून यश मोजण्याकडे कल असतो. पाण्याची स्थिती व मासळीचे प्रमाण यांच्या नोंदी मागे पडतात. नदी, खाडी व समुद्र यांचा कारभार वेगवेगळ्या विभागांकडे असल्याने एका विभागाच्या पैशाने लावलेले कांदळवन दुसऱ्या विभागाने मंजूर केलेल्या भरावाखाली जाण्याचा संभव राहतो. म्हणून जेथे स्थानिक लोकांना जागेवरील अधिकार, उत्पन्नातील वाटा व नोंदी ठेवण्याची जबाबदारी या तिन्ही गोष्टी मिळतात, तेथे मुदत संपल्यावरही काम टिकण्याची शक्यता अधिक असते.